माणशी किती लिटर हे नंतर बघू, आधी खात्रीचं पाणी कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही इंदूरचे चार मित्र मेच्या शेवटच्या आठवड्यात ॲरिझोनाला जाताय, एकाचा चुलत भाऊ फिनिक्सला आहे, तो तुम्हाला काठावर साउथ बास ट्रेलच्या तोंडाशी गाडीने सोडणार, तिथून ग्रँड कॅन्यनमध्ये उतरून मधल्या पठारावरच्या टोंटो ट्रेलने पूर्वेकडे चालत पाच दिवसांत हर्मिट्स रेस्टला वर यायचं, तर माणशी रोज किती लिटर पाणी न्यावं. सोबत लिहिलंय की नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, अलंग-मदन-कुलंग झालंय तेही एप्रिलमध्ये, त्यामुळे उन्हाची सवय आहे.

मी बडोद्याचा. नोकरीमुळे नऊ वर्षं फिनिक्सजवळ होतो, त्या काळात टोंटो तुकड्यातुकड्यांनी बराचसा चालून झाला, काही तुकडे तीन-चारदा. आता थंडीत कच्छमध्ये कोरड्या नद्यांच्या घळींतून छोटे ग्रुप घेऊन जातो. तेव्हा जे लिहितोय ते पायाखालून गेलेलं आहे. पण तुमची तब्येत, वेग, सॅकचं वजन आणि त्या वर्षी हिवाळ्यात वर बर्फ किती पडलं यावर बरंच काही बदलतं, ते मी इथून सांगू शकत नाही.

"रोज पाच लिटर" असं लिहून मी मोकळा होऊ शकतो, पण त्या आकड्याने तुमचं काहीच ठरणार नाही. बास कॅन्यन ते बाउचर क्रीक (क्रीक म्हणजे ओढा) या भागात जवळपास ५० किलोमीटर खात्रीचं पाणी नाही. मधल्या घळींची नावं रत्नांची आहेत, सर्पेंटाइन, रुबी, टर्क्वाइज, सफायर, अॅगेट, म्हणून तिकडचे लोक या पट्ट्याला 'जेम्स' म्हणतात. पाच लिटरने तीन दिवस धरले तर पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो नुसतं पाणी, वर खाणं, स्लीपिंग बॅग, बाकी सामान दहा-बारा किलो. एवढं पाठीवर घेऊन मेच्या उन्हात चालायला लागलात की घाम जास्त, म्हणजे पाणी आणखी जास्त, आणि ते पाणी उचलायला परत जास्त ताकद. म्हणून दिवसावर हिशोब करायचा नाही, पाण्यापासून पाण्यापर्यंत करायचा. या पाण्यावरून निघालो की पुढचं खात्रीचं पाणी कुठे, तिथपर्यंत किती तास, त्यातले उन्हाचे किती, आणि तिथे पोचून पाणी नसलंच तर मागे यायला माझ्याकडे काय उरलंय.

सह्याद्रीचा अनुभव कमी लेखत नाहीये, कुलंग चढलेला माणूस घाबरणारा नसतो हे मला माहीत आहे. पण सह्याद्रीत आपल्याला दोन गोष्टींची सवय लागलेली असते. एक म्हणजे गडावर टाकी असतात, शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी विचार करून कातळात खोदलेली, आणि पायथ्याशी वाडी असते, तिथे कोणाच्याही दारात उभं राहिलं तर तांब्याभर पाणी मिळतं. टोंटोवर दोन-दोन दिवस माणूस दिसत नाही. दुसरं म्हणजे आपण आधी चढतो आणि दमल्यावर उतरतो, तिथे सगळं उलटं आहे, ताजे असताना उतरायचं आणि शेवटच्या दिवशी थकलेल्या पायांनी, उरलेल्या पाण्यावर हजार-अकराशे मीटर चढून बाहेर यायचं. गुडघा दुखतोय म्हणून अर्ध्यातून खाली उतरू असं करता येत नाही.

तिथे पाणी कुठे आणि का असतं ते समजून घ्या, मग नकाशा वेगळा दिसायला लागतो. वर काठावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी चुनखडीच्या जाड थरांमधल्या भेगांतून शेकडो मीटर खाली झिरपतं. खाली ब्राइट एंजल शेल नावाचा चिकणमातीसारखा दगड आहे, त्यातून पाणी सहज जात नाही, म्हणून ते आडवं वळतं आणि त्या सांध्यावर झरा फुटतो. टोंटोचं पठार साधारण याच शेलच्या थरावर आहे, म्हणून ट्रेल ज्या घळी ओलांडतो त्यातल्या काहींमध्ये बारमाही ओढा मिळतो, हर्मिट, मोन्युमेंट, बाउचर हे त्यातले. बाकीच्या घळींत पाऊस किंवा बर्फ वितळल्यावर काही आठवडे पाणी असतं, मग नुसती खडकातली डबकी, मग तीही नाहीत. ट्रेल जिथे घळ ओलांडतो तिथे कोरडं दिसलं म्हणून लगेच आशा सोडायची नाही, थोडं वर आणि थोडं खाली जाऊन बघायचं, हिरवी कॉटनवुडची झाडं दिसली तर तिथे मुळांना ओल नक्की असते, खाली वाळूखडकाची अरुंद नळी लागते तिथे सावलीत कुंडं टिकतात. पण हे शोधणं म्हणजे जास्तीचं चालणं आणि जास्तीचा घाम, ते हिशोबात धरायचं.

आणि नदी. कोलोरॅडो नदी टोंटोवरून दिसते, बऱ्याच ठिकाणी ऐकूसुद्धा येते, पण ती तीनशे-साडेतीनशे मीटर खाली असते आणि मधे बहुतेक ठिकाणी सरळ कडे आहेत. उतरायच्या जागा मोजक्याच. तहान लागलेल्या माणसाला खाली एवढं पाणी वाहताना दिसतं आणि तो डोकं बाजूला ठेवून कुठल्याही नाळेत उतरायला लागतो, मग खालीही जाता येत नाही आणि वरही येता येत नाही. हे चौघांनी घरी बसूनच एकमेकांना सांगून ठेवा, की माहीत असलेल्या वाटेशिवाय नदीकडे उतरायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

अंतराचंही तसंच. टोंटो प्रत्येक घळीला वळसा घालून जातो, समोरची धार दोन किलोमीटरवर दिसते पण तिथे पोचायला आत जाऊन परत बाहेर यायचं, सात-आठ किलोमीटर सहज होतात, आणि सावली जवळपास नाहीच, गुडघाभर झुडपं फक्त. तुमचा पूर्ण रूट ८० किलोमीटरच्या वर जातो. पाच दिवसांत होतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा मार्चमध्ये, दिवसभर चालता येतं तेव्हा. मेच्या शेवटी आत ३८ डिग्री धरून चालावं आणि जूनमध्ये ४० च्या वर नेहमीचंच. पार्कवालेच सांगतात की उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका. म्हणजे तुमचे चालायचे तास अर्ध्यावर येतात आणि पाच दिवसांचे सात होतात, तेवढं पाणी आणणार कुठून?

माझ्यावर काय वेळ आली ते सांगतो. एप्रिलचा दुसरा आठवडा, मी आणि माझा रूममेट, मूळचा सांगलीचा, चालायला माझ्याहून चांगला. आम्ही बाउचरहून उलट्या बाजूने बासकडे निघालो. आठ दिवसांपूर्वी तिकडून आलेल्या एकाने सांगितलं होतं की स्लेटच्या घळीत कुंडं भरलेली आहेत, त्याने खोटं सांगितलं नव्हतं, तो गेला तेव्हा होती. आम्ही त्याच्यावर विसंबून माणशी चारच लिटर घेतलं. स्लेटला पोचलो तर कुंडांच्या तळाला वाळलेल्या चिखलाच्या खपल्या. वर-खाली तासभर शोधण्यात अर्धा-पाऊण लिटर घामात गेलं. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण आपण ट्रेकर लोक, "पुढे बघू, सफायरला असेल" असं मीच म्हणालो. सफायरही कोरडं. दुपारचे साडेबारा, दोघांत मिळून अडीच लिटर, ऊन डोक्यावर. एका कपारीत पडून राहिलो संध्याकाळी सहापर्यंत, दर तासाला मोजून दोन घोट, आणि मग रात्रभर चालत बाउचरला परत, पहाटे तीन वाजता पोचलो. पाय दुखत होते त्याचं मला काही वाटलं नाही, पण नेहमी बडबड करणारा माणूस शेवटचे दोन तास एक शब्द बोलला नाही, विचारलं तर नुसती मान हलवायचा, ती भीती अजून आठवते. एप्रिल होता म्हणून निभावलं, तुमच्या मेमध्ये काय झालं असतं याचा मी विचार बऱ्याचदा केलाय.

त्यानंतर मी नकाशावर दोनच प्रकारच्या खुणा करतो. बारमाही असेल तर भरीव निळा ठिपका. "असतं कधीकधी" असेल तर पोकळ गोल, आणि पोकळ गोलातलं पाणी हिशोबात शून्य धरायचं. मिळालं तर आनंद, ते पिऊन घ्यायचं, पण त्याच्या भरवशावर एक बाटलीही कमी न्यायची नाही. दुसरं असं की भरीव ठिपक्यावरून निघताना परत फिरायची जागा आधीच ठरवायची, जवळचं अर्धं पाणी जिथे संपेल ती. तिथे जो कोणी आधी म्हणेल "मागे", त्याचं ऐकायचं, वाद घालायचा नाही. तुमच्या प्लॅनमध्ये हेच बसत नाही. साउथ बासला गाडी सोडून गेली की मागे फिरून उपयोग नाही, तो कच्चा रस्ता म्हणजे उंच चाकांच्या फोर बाय फोरचं काम, पाऊस पडला तर तोही बंद, आणि तिथे कोणी भेटेल याची काही खात्री नाही. वर सुरुवातीला पाणी नाही, पहिलं खात्रीचं पाणी म्हणजे थेट खाली नदी. तिथून भरून पुन्हा टोंटोवर चढायचं आणि पुढे ते ५० किलोमीटर.

आता लिटर. हा आकडा तुमचा तुम्हीच काढा, कोणाकडून घेऊ नका. इंदूरला बसून हे छान करता येईल, कारण तुमच्याकडचा मे कोरडा असतो, ॲरिझोनासारखा. (आमच्याकडे बडोद्यात हवेत दमटपणा असतो, शर्ट चिकटतो म्हणून घाम कळतो, कोरड्या हवेत तो अंगावरच उडून जातो आणि वाटतं की घाम येतच नाहीये.) महूजवळ जानापावला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा जा, सॅकमध्ये पंधरा किलो घाला. निघताना कमीत कमी कपड्यांवर वजन करा, तासभर चढ-उतार करा, मधे किती प्यालात ते मोजा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन. घटलेलं वजन अधिक प्यालेलं पाणी म्हणजे तासाचा घाम, ७०० ग्रॅम घटलं आणि अर्धा लिटर प्यालात तर सव्वा लिटरच्या आसपास. माझं स्वतःचं एप्रिलच्या पहाटे तासाला अर्धा लिटरच्या आत भागतं आणि अकरानंतर उन्हात लिटर सहज लागतं, म्हणजे तेच अंतर तोच माणूस, फक्त वेळ बदलली तर पाणी दुप्पट. म्हणून जास्त पाणी वाहण्यापेक्षा पहाटे चारला उठणं स्वस्त पडतं. चौघांमध्ये ज्याचा आकडा सगळ्यात मोठा येईल त्याच्यावर ग्रुपचं पाणी धरा, सरासरी काढू नका.

एक पद्धत सांगतो जिने माझं ओझं सगळ्यात जास्त कमी झालं. स्वयंपाक मुक्कामाच्या जागी करायचाच नाही. दुपारी पाण्यावर पोचलात की तिथेच सावली बघून थांबा, चारला मुख्य जेवण करा, खिचडी, मॅगी, जे काय पाणी खाणारं आहे ते सगळं तिथे, भांडी तिथेच पण ओढ्यापासून लांब धुवा, पोटभर प्या, मग बाटल्या भरून संध्याकाळच्या गारव्यात दोन-तीन तास पुढे जा आणि कोरड्या जागी झोपा. सकाळी खाखरा, थेपले, गूळ-शेंगदाणे, तुमची शेव. याला पाणी लागत नाही आणि मीठही पोटात जातं.

मिठाचं गंभीरपणे घ्या. लोक तहानेला घाबरून नुसतं पाणी पीत सुटतात आणि खात नाहीत, मग रक्तातलं मीठ इतकं पातळ होतं की मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, माणूस बरळायला लागणं असं सुरू होतं. बघणाऱ्याला वाटतं तहानेने झालंय आणि तो आणखी पाणी पाजतो, त्याने जिवावर बेततं. लघवी पाण्यासारखी पांढरी आणि सारखी होतेय तर पाणी थांबवून खारं खायला द्या, गडद आणि कमी होतेय तर पाणी कमी पडतंय. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, माणशी रोज दोन तरी असू देत. आणि बरळणं, झिंगल्यासारखं चालणं सुरू झालं तर कारण कुठलंही असो, सावलीत झोपवा, कपडे ओले करून वारा घाला आणि मदत मागवा.

मिळालेलं पाणी पिण्यासारखं आहे का हेही आहे. हर्मिट आणि ब्राइट एंजल या दोन ट्रेल्सच्या मधे हॉर्न क्रीक लागतो, त्यात कधीकधी छान पाणी दिसतं, पण वरच्या जुन्या ऑर्फन खाणीमुळे त्यात युरेनियम आहे, उकळून किंवा फिल्टरने ते जात नाही. जीव जायची वेळ सोडून त्याला हात लावू नका. नदीचं पाणी गढूळ असतं, पाऊस झाला तर अगदी चहासारखं, ते सरळ फिल्टरमध्ये घातलंत तर फिल्टर दहा मिनिटांत चोक होतो. आमची आजी माठात तुरटी फिरवायची तेच करा. घडीची बादली न्या, तुरटीची चिमूट टाकून ढवळा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी फिल्टर करा. तिकडे किराणा दुकानात मसाल्यांच्या रांगेत लोणच्यासाठी म्हणून तुरटीची पूड मिळते. फिल्टर रात्री गोठू देऊ नका, मार्चमध्ये वर काठाजवळ गोठतो आणि मग आतल्या नळ्या फुटून तो निकामी होतो, बाहेरून कळतही नाही, म्हणून झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शिवाय क्लोरीनच्या गोळ्या वेगळ्या, त्यांना वजन काहीच नाही.

पाणी एकाच मोठ्या पिशवीत ठेवू नका. काटा लागला किंवा खारीने कुरतडली की सगळं गेलं, आणि तिथल्या खारी आणि डोमकावळे सॅकची चेनसुद्धा उघडतात. प्रत्येकाकडे दोन-दोन लिटरच्या तीन-चार मजबूत बाटल्या.

तर माझं मत. हा रूट या मेमध्ये करू नका. तारीख हलत नसेल तर वर काठावर फिरा, पहाटे थोडं खाली उतरून परत या, तेही सुंदर आहे. तारीख हलवता येत असेल तर मार्चचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा धरा आणि हर्मिटने उतरून ब्राइट एंजलने वर या, सुमारे ४३ किलोमीटर, तीन मुक्काम. पहिला हर्मिट क्रीक, दुसरा मोन्युमेंट क्रीक, तिसरा हवासुपाई गार्डन्स, जुन्या नकाशांवर त्याचं नाव इंडियन गार्डन आहे, २०२२ मध्ये बदललं. तिन्ही ठिकाणी पाणी आहे, शेवटच्या ठिकाणी पाइपलाइन बंद असली तरी बाजूला ओढा आहे. मोन्युमेंट ते गार्डन्स हा साधारण १७ किलोमीटरचा तुकडा मात्र कोरडा धरा, मधे सॉल्ट क्रीक लागतो तो पोकळ गोल, हॉर्न तर प्यायचाच नाही. म्हणजे जेम्समध्ये जे तीन दिवस करावं लागतं ते इथे एक दिवस करून बघता येतं, आणि दोन्ही टोकांना खात्रीचं पाणी. त्या दिवशी माणशी पाच लिटर घेऊन पहाटे निघा, आणि संध्याकाळी किती उरलं ते लिहून ठेवा.

परमिटची लॉटरी साधारण चार महिने आधी रिक्रिएशन डॉट गव्हवर असते आणि परमिट बुक करताना कुठल्या रात्री कुठे झोपणार ते द्यावं लागतं, म्हणून पाण्याचा हिशोब त्याच्या आधी. जायच्या दोन-तीन दिवस आधी पार्कच्या बॅककंट्री ऑफिसला (परमिट देणारं ऑफिस) फोन करून कुठल्या ओढ्याला पाणी आहे ते विचारा, रेंजर नीट सांगतात. जुलै ते सप्टेंबर नको, घळीत अचानक लोंढा येतो.

खाली मोबाइलला रेंज नाही, तेव्हा सॅटेलाइट मेसेंजर तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. तो विकत घेऊन घरी आणू नका, आपल्याकडे परवानगीशिवाय अशी यंत्रं बाळगायला बंदी आहे आणि विमानतळावर लोकांना अडवून केसेस झाल्या आहेत. आणि बटण दाबलं की हेलिकॉप्टर लगेच येईल असंही धरू नका, वारा असेल, रात्र असेल तर दुसरा दिवस उजाडतो, तोपर्यंत पुरेल एवढं पाणी जवळ हवं.

जानापावचे आकडे चौघांचे वेगवेगळे काढा, सकाळचे आणि दुपारचे, सोबत सॅकचं वजन आणि तासाला किती अंतर होतं ते लिहून पाठवा. मग मोन्युमेंटहून किती वाजता निघायचं आणि कोणाच्या पाठीवर किती बाटल्या ते आपण नकाशा समोर ठेवून ठरवू.